ऱ्हिआनॉन म्हणजे काय आणि हे नाव म्हणायचं तरी कसं? सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्या भाचीचं नाव ऱ्हिआनॉन. वहिनी वेल्श आहे, वेल्सच्या पश्चिमेला कार्मार्थनजवळच्या खेड्यातली, घरी वेल्शच बोलणारी, त्यामुळे मुलगी झाली तर नाव वेल्श असणार हे लग्नाच्या आधीच ठरलेलं आणि त्यावर आमच्याकडून कुणी काही बोललं पण नाही. प्रॉब्लेम आला बारशाला. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं काम आत्याचं, म्हणजे माझं, आणि चार दिवस आरशासमोर प्रॅक्टिस करूनही ऐन वेळी मी ‘रिया नन’ असलं काहीतरी बोलून बसले. वहिनीची आई शेजारीच उभी होती. ती हसली नाही, फक्त हळूच एकदा नीट म्हणून दाखवलं आणि मी दुसऱ्यांदा कुर्रर्र केलं.

तेव्हापासून काकू, मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी, सोसायटीतले जोशीकाका टाइप लोक, सगळे तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी प्रत्येकाला नव्याने व्हॉइस नोट पाठवते. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

उच्चार नक्की काय?

ऱ्हि-आ-नॉन. तीन तुकडे आणि जोर मधल्या ‘आ’वर. वेल्शमध्ये जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर येतो, एकदा हे कळलं की निम्मी वेल्श नावं बरोबर म्हणता येतात. मधला आ लांबवायचा नाही, पुढे दोन न आहेत म्हणून तो आखूडच, ‘आन्’ असा झटकन तोडायचा. शेवटचा ऑ ‘कॉफी’तला. इंग्लंडमध्ये बरेच लोक ‘रिॲनन’ म्हणतात, ते काही गुन्हा नाही, पण वहिनीच्या माहेरी तसं म्हटलं की लगेच कळतं तुम्ही कुठून आलात ते.

पहिलं अक्षर खरं अवघड, आणि इथे आपल्याला चक्क आयता फायदा आहे. इंग्रजीत तो आवाज नाहीच. आपण मात्र ऱ्हस्व म्हणतो, ऱ्हास म्हणतो, गुऱ्हाळ म्हणतो. माझ्या आईचं माहेर कऱ्हाड, तिने पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलं आणि वर मलाच विचारलं, यात अवघड काय आहे गं? फरक थोडासा आहे, आपल्या ऱ्हमध्ये घसा वाजतो आणि वेल्शमध्ये नुसती हवा असते, गरम चहावर फुंकर मारता मारता र म्हटल्यासारखी. पण कऱ्हाडवाला ऱ्ह म्हटलात तरी लोक खूश होतात. दक्षिण वेल्समध्ये तर बऱ्याच जणांच्या बोलण्यातून तो ह गळूनच जातो, त्यामुळे साधं ‘रिआनॉन’ म्हटलं तरी चालतं, फक्त जोर मधेच ठेवा.

स्पेलिंग कसं?

आर, एच, आय, ए, एन, एन, ओ, एन. आर नंतरचा एच विसरायचा नाही आणि एन एकूण तीन आहेत. इंग्रजीत मोजली तर अक्षरं आठ, पण वेल्शमध्ये सात! कारण आर-एच हे त्यांच्याकडे जोडून एकच अक्षर धरतात, डिक्शनरीत त्याचा वेगळा विभाग असतो, आणि शब्दकोडं सोडवताना एका चौकोनात दोन्ही बसवायचे. आपण क्ष किंवा ज्ञ एकच अक्षर म्हणून शिकतो तसंच काहीसं.

नाव वाक्यात आलं की बदलतं का?

नाही. हा प्रश्न वेल्श शिकणारे विचारतात, कारण वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर आधीच्या शब्दामुळे बदलतं. कार्डिफचं वेल्श नाव काइर्डीड, पण ‘कार्डिफला’ म्हणायचं तर ते गाइर्डीड होतं, आणि नवखा माणूस बसच्या पाटीसमोर उभा राहून आपलं गाव शोधत बसतो (मी बसलेय). माणसांच्या नावांना मात्र आता हात लावत नाहीत. आपल्याकडे शेपूट लागतं, ऱ्हिआनॉनला, ऱ्हिआनॉनची वगैरे, ते खुशाल लावा.

बरं, अर्थ काय?

मोठी राणी, महाराणी. किंवा ‘राणी’ या अर्थाचं देवीचं नाव.

भाषेचे अभ्यासक म्हणतात की खूप आधी, वेल्श भाषा वेगळी व्हायच्याही आधी, या नावाचं रूप ‘रीगान्टोना’ असं काहीतरी असणार. यातलं ‘रीगान’ म्हणजे राणी आणि शेवटचं ‘ओना’ हे शेपूट जुन्या केल्टिक (वेल्श, आयरिश या भाषांचं जे कूळ, त्यातल्या) देवतांच्या नावात दिसतं, एपोना, मात्रोना वगैरे. रीगान्टोना हे नाव कोरलेला एकही दगड मात्र सापडलेला नाही. नंतरच्या नावावरून मागे मागे जात हिशोबाने काढलेलं रूप आहे ते. त्यामुळे ‘प्राचीन देवी रीगान्टोनाचं मंदिर’ असं कुठे वाचलंत तर सोडून द्या.

म्हणजे आपल्या ‘राणी’शी काही संबंध आहे की उगाच जुळवताय?

उगाच नाही, खराच आहे. माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न हाच.

संस्कृतात राजा आणि राज्ञी. राज्ञीचं प्राकृतात रण्णी झालं आणि तिथून आपली राणी. लॅटिनमध्ये राजा म्हणजे रेक्स, राणी म्हणजे रेजिना. जुन्या आयरिशमध्ये राजा री आणि राणी रीगान. ज्युलियस सीझरशी लढलेला गॉल (साधारण आजचा फ्रान्स) इथल्या लोकांचा पुढारी व्हर्सिंजेटोरिक्स, त्याच्या नावातलं शेवटचं ‘रिक्स’ म्हणजे पण राजाच. आणि जुन्या वेल्शमध्ये राजाला ‘ऱ्ही’ असा एक शब्द होता. हे सगळे एकाच मुळातून फुटलेले. आपल्याकडे ‘राज्’ तसं तिकडे ‘रीग्’. म्हणजे ऱ्हिआनॉनमधला सुरुवातीचा तुकडा आणि राणी हे शब्द लांबचे का होईना पण सख्खे चुलत आहेत, नुसते कानाला सारखे वाटणारे नाहीत.

आणि अजून एक गंमत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात हे ज्यांनी १७८६ साली कलकत्त्यात भाषण करून सांगितलं, त्याच दमात केल्टिकचंही नाव घेतलं, ते सर विल्यम जोन्स. त्यांचे वडील वेल्सच्या उत्तरेकडच्या अँगलसी बेटावरचे. वडिलांचं नावही विल्यम जोन्स आणि गणितातलं पाय हे चिन्ह आज ज्या अर्थाने आपण वापरतो त्या अर्थाने पहिल्यांदा वापरणारे तेच, १७०६ साली. हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, तू नाव सांगतेयस की स्पर्धा परीक्षेची तयारी करून घेतेयस?

बेबी नेम्सच्या साइटवर ‘चेटकीण’, ‘अप्सरा’, ‘चंद्रदेवी’ असं लिहिलंय, ते?

या साइट्सवर काहीही लिहितात. एकाने लिहिलं की बाकीचे कॉपी पेस्ट करतात. ‘अप्सरा’ किंवा ‘कुमारी’ हा अर्थ कुठून आला ते तरी समजतं, कारण वेल्शमध्ये ‘ऱ्हिआइन’ म्हणजे तरुण मुलगी आणि तो शब्दही त्याच राणीवाल्या मुळातला, फक्त काळाच्या ओघात त्याचा अर्थ ‘राणी’वरून ‘मुलगी’ असा झाला. चेटकीण आली गाण्यातून, त्याबद्दल पुढे सांगते. ऱ्हिआनॉन मुळात एका जुन्या वेल्श गोष्टीतली बाई (ती गोष्ट पुढे सांगते), आणि चंद्रदेवीला तर त्या गोष्टीत कुठेच आधार नाही.

आणि एक थिअरी असते की ऱ्हिआनॉनमध्ये ‘आनून’ आहे, म्हणजे वेल्श गोष्टींमधला तो दुसरा लोक, तेव्हा अर्थ ‘परलोकाची राणी’. ऐकायला भारी वाटतं, पण गोष्टीत ती आनूनमधून आली असं कुठेच म्हटलेलं नाही.

ती खरंच देवी होती का?

गोष्टीत तिला कुणीही देवी म्हणत नाही. ती एका सरदाराची मुलगी आहे, बापाचं नाव हेवेइद हेन, म्हणजे म्हातारा हेवेइद. पण अभ्यासकांना शंका येते, कारण तिच्याभोवती सारखे घोडे येतात. रोमन काळात गॉलमध्ये एपोना नावाची घोड्यांची देवी होती, रोमन घोडदळातले सैनिकही तिला मानायचे, आणि तिच्या मूर्ती घोड्यावर बसलेल्या किंवा दोन्ही बाजूंना शिंगरं असलेल्या असतात. आता गोष्ट वाचा आणि तुम्हीच बघा घोडे किती वेळा येतात ते. माझं मत विचाराल तर ‘ती एपोनाच’ असं ठोकून देणं घाईचं आहे, पण जुन्या देवीची सावली तिच्यावर आहे हे पटतं.

गोष्ट काय आहे मग?

मोठी आहे, चहा घेऊन बसा.

डवेड नावाच्या राज्याचा राजा पुइल (शेवटचा ल खरं तर जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडायचा, ते पुन्हा कधीतरी). आर्बेर्थ इथे त्याचा वाडा आणि जवळ एक टेकाड, ज्याची ख्याती अशी की कुणी खानदानी माणूस त्यावर बसला तर एक तर मार खाऊन उठतो, नाहीतर काहीतरी नवल बघून. पुइल जाऊन बसतो. समोरच्या रस्त्यावरून एका मोठ्या पांढुरक्या घोड्यावर जरीच्या वस्त्रातली एक बाई सावकाश चाललेली दिसते. माणूस पाठवतात, तो पळतो, गाठता येत नाही. घोडेस्वार पाठवतात, तो जितकी टाच मारेल तितकी ती लांब जाते, आणि तिचा घोडा तर आपला त्याच संथ चालीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुइल स्वतः घोड्यावर बसतो, फेस येईपर्यंत पळवतो आणि शेवटी दमून ओरडतो, बाई, तुझं ज्याच्यावर सगळ्यात जास्त प्रेम आहे त्याच्यासाठी तरी थांब. ती लगेच थांबते आणि म्हणते, थांबते की, हे मघाशीच विचारलं असतंस तर घोड्याचे हाल वाचले असते.

मला ही बाई इथेच आवडली.

ती सांगते की मला मनाविरुद्ध दुसऱ्याला देतायत आणि मला तू हवायस, तुझंच उत्तर ऐकायला आलेय. एक वर्षाने लग्नाची मेजवानी ठरते. मेजवानीत एक रुबाबदार माणूस येतो, म्हणतो एक मागणं आहे, आणि पुइल न विचारताच बोलून जातो, जे मागशील ते देईन. तो माणूस ग्वाउल, तिचा तो नको असलेला नवरदेव, आणि तो अर्थातच तिलाच मागतो. पुइल गप्प. ती त्याला सगळ्यांदेखत म्हणते, हवा तेवढा वेळ गप्प बस, स्वतःच्या अकलेचा याहून भिकार वापर करणारा माणूस मी पाहिला नाही. आता यातली खरी मजा अशी की वेल्शमध्ये ‘पुइल’ या शब्दाचा अर्थच मुळात शहाणपण, विचारीपणा! म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मग प्लॅन तीच करते. त्याला एक छोटी पिशवी देते. वर्षाने ग्वाउलच्या मेजवानीत पुइल भिकाऱ्याच्या वेषात येतो, पिशवीभर जेवण मागतो, पिशवी काही केल्या भरत नाही, आणि म्हणतो की मोठ्या खानदानाचा माणूस दोन्ही पायांनी आत दाबेल तरच ही भरेल. ग्वाउल पाय घालतो, पुइल पिशवी वर ओढून गाठ मारतो आणि बाहेर लपलेली माणसं येऊन एकेक लाथ हाणत विचारतात, पिशवीत काय आहे? बिज्जू! ग्वाउल शरण येतो, लग्न होतं.

इथपर्यंत सगळं हसतखेळत. पुढे नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत मूल नाही म्हणून दरबारातली माणसं कुरकुरायला लागतात, दुसरी बायको कर म्हणतात (हे ऐकून मावशी म्हणाली, म्हणजे सगळीकडे हेच). मग मुलगा होतो. रात्री राखणीला सहा बायका बसवलेल्या, त्या सगळ्या झोपतात, जाग येते तर बाळ गायब. घाबरून त्या एका शिकारी कुत्रीची पिल्लं मारतात, रक्त झोपलेल्या ऱ्हिआनॉनच्या तोंडाला आणि हातांना फासतात, हाडं जवळ टाकतात आणि बोंब मारतात की हिने आपलं पोर मारलं. ती त्यांना म्हणते, भीतीने खोटं बोलत असाल तर मी तुम्हाला सांभाळून घेईन, खरं सांगा. त्या ऐकत नाहीत. पुइल तिला टाकायला नकार देतो, तेवढं तरी करतो, पण शिक्षा होते. सात वर्षं वाड्याच्या दाराबाहेर, घोड्यावर चढायला जो दगड असतो त्याच्याशेजारी बसायचं, ज्याला माहीत नसेल त्याला आपली सगळी कहाणी सांगायची आणि त्याला म्हणायचं, चला, मी पाठीवरून तुम्हाला आत नेते. क्वचितच कुणी पाठीवर बसायचं.

आता दुसरीकडे, ग्वेंट इस कोएडचा मालक तेइर्नॉन, त्याची घोडी दरवर्षी मे महिन्याच्या आदल्या रात्री विते आणि शिंगरू नाहीसं होतं. त्या वर्षी तो घोडी घरात आणून पाळतीवर बसतो. शिंगरू जन्मतं, खिडकीतून एक भलामोठा पंजा आत येतो, शिंगराची आयाळ धरतो, तेइर्नॉन कोपरापासून तो हातच तोडतो, बाहेर धावतो, अंधारात काही दिसत नाही, परत येतो तर दारात रेशमी कापडात गुंडाळलेलं बाळ. तो आणि बायको त्याला वाढवतात. वर्षाचं असताना तीन वर्षांच्या पोराएवढं दिसायला लागतं. पुढे तेइर्नॉनच्या कानावर ऱ्हिआनॉनची हकीकत येते, तो पोराच्या चेहऱ्याकडे नीट बघतो आणि त्याला पुइल दिसतो. घेऊन आर्बेर्थला जातात. दारात ती दगडाशी बसलेली, म्हणते, पुढे जाऊ नका, एकेकाला मी पाठीवर नेते. तेइर्नॉन नको म्हणतो. आणि तो मुलगा पण नको म्हणतो.

आत गेल्यावर खरं कळतं तेव्हा ती म्हणते, हे खरं असेल तर माझी काळजी मिटली. काळजीला वेल्शमध्ये ‘प्रडेर’. त्यावरूनच मुलाचं नाव पडतं, प्रडेरी. आईच्या तोंडून पहिला निघालेला शब्द तेच नाव.

असल्या दुःखी बाईचं नाव मुलीला का ठेवायचं?

हा आमच्या आईचा प्रश्न. तिने गोष्ट ऐकल्यावर पहिलं वाक्य टाकलं ते असं, ‘म्हणूनच पाचवीला कुणी झोपायचं नसतं.’ आणि मग हा प्रश्न.

मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली की तिच्या आजीने ही गोष्ट सांगताना कधीच रडकी करून सांगितली नाही, आजीच्या गोष्टीत ऱ्हिआनॉन म्हणजे सगळ्यात हुशार माणूस. आणि खरंच बघा, अख्ख्या गोष्टीत नवरा तीनदा गडबडतो आणि तिचं एकही वाक्य वाया जात नाही. शिक्षा झाली तरी ती ओरडत नाही, गयावया करत नाही, शिव्या देत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तीच कहाणी पुन्हा सांगायची आणि त्यात तिच्यावरचा खोटा आळ आलाच, पण दार सोडून जात नाही. आपल्याकडे सीता, द्रौपदी ही नावं ठेवताना लोक अजूनही दोन मिनिटं थांबतात, हे मला माहितीये. वेल्समध्ये ऱ्हिआनॉन ठेवताना कुणी थांबत नाही.

पुढे तिचं काय होतं?

पुइल मरतो, मग प्रडेरी मोठा झाल्यावर आईचं लग्न आपल्या मित्राशी, मानाविडानशी लावून देतो. मुलगा आईचं दुसरं लग्न लावतोय, आणि तेही इतक्या सहज! मग एका जादूने सगळा डवेड ओस पडतो, माणसं गुरं सगळी गायब, आणि ऱ्हिआनॉन आणि प्रडेरी एका सोन्याच्या भांड्याला हात चिकटून अडकतात. शेवटी कळतं की हे सगळं त्या पिशवीतल्या ग्वाउलचा सूड म्हणून त्याच्या मित्राने केलं, आणि कैदेत ऱ्हिआनॉनच्या गळ्यात गवत वाहणाऱ्या गाढवांची जोखडं घातलेली होती. मानाविडान तिला सोडवतो, कसं ते एका गरोदर उंदरीवर अवलंबून आहे, पण ती वेगळीच गोष्ट आहे आणि मला आता जेवण करायचंय.

ऱ्हिआनॉनचे पक्षी म्हणजे?

तीन पक्षी, ज्यांचं गाणं मेलेल्यांना जागं करतं आणि जिवंतांना झोपवतं. एका गोष्टीत एक राक्षस आपल्या मुलीच्या लग्नाआधी जावयाकडे जी अशक्य कामं मागतो त्यात हे पक्षीही आहेत. दुसऱ्या गोष्टीत आयर्लंडमधल्या भयंकर युद्धातून वाचून आलेली सात माणसं वेल्समधल्या हार्लेखला जेवायला बसतात आणि हे पक्षी त्यांच्यासाठी गातात. पक्षी समुद्रावर खूप लांब असतात पण आवाज अगदी जवळून येतो, आणि त्या जेवणात सात वर्षं कशी जातात ते कळत नाही. वहिनी भाचीला झोपवताना याच पक्ष्यांचं नाव घेते. भाची काही झोपत नाही.

हे सगळं लिहिलंय कुठे?

माबिनोगी नावाच्या चार गोष्टींच्या संचात, ज्यांना चार फांद्या म्हणतात (जावयाकडे अशक्य कामं मागणाऱ्या राक्षसाची गोष्ट तेवढी या चारांबाहेरची). आज आपल्या हातात आहे ते मुख्यतः दोन हस्तलिखितांमुळे. एक पांढरं पुस्तक, साधारण १३५०च्या सुमाराचं, ते अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि दुसरं लाल पुस्तक, १४००च्या आसपासचं, ते ऑक्सफर्डला. गोष्टी त्याहून बऱ्याच जुन्या. गंमत म्हणजे जुन्या लिखाणात नावातला ह लिहिलेलाच नाही, नुसतं ‘रिआनॉन’. तो ह कागदावर नंतर आला. इंग्रजीत या गोष्टी जगभर पोचल्या त्या लेडी शार्लट गेस्ट यांच्या भाषांतरामुळे, १८३८ ते १८४९ या काळात ते छापलं गेलं. त्या मूळच्या इंग्लिश, लग्न होऊन दक्षिण वेल्सच्या लोखंडाच्या कारखानदाराच्या घरी आल्या, तिथे वेल्श शिकल्या, आणि त्याच काळात एकामागून एक दहा बाळंतपणं. मला तर एक व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळताना नाकी नऊ येतात.

म्हणजे हे नाव हजार वर्षांपासून ठेवतायत?

नाही, इथेच सगळे फसतात. गोष्ट जुनी, नाव ठेवायची पद्धत नवी. मध्ययुगातल्या वेल्श बायकांची नावं बघितली तर ग्वेनह्लियन, आन्हाराड, नेस्ट अशी सापडतात, ऱ्हिआनॉन नाही. देवळातल्या देवाचं नाव एखाद्या भागात माणसाला ठेवत नाहीत तसं काही होतं की नुसती फॅशन नव्हती, कोण जाणे. गोष्टी छापून घराघरात पोचल्या आणि मग विसाव्या शतकात मुलींची नावं म्हणून ही नावं रुळली. कादंबरीकार ऱ्हिआनॉन डेव्हिस जोन्स यांचा जन्म १९२१चा, म्हणजे तेव्हा होतं. आता तर अमेरिकेपर्यंत पसरलंय. बँजो वाजवणारी ऱ्हिआनॉन गिडन्स नॉर्थ कॅरोलिनाची, तिला २०२३ साली संगीताचं पुलित्झर मिळालं.

ते फ्लीटवूड मॅक बँडचं ‘ऱ्हिआनॉन’ गाणं यावरूनच ना?

नाव यावरून, पण फिरून आलेलं. गाणं त्या बँडमधली गायिका स्टीव्ही निक्स हिचं, १९७५च्या अल्बममधलं. तिला हे नाव एका इंग्रजी कादंबरीत सापडलं, आवडलं, गाणं लिहिलं, आणि माबिनोगीतली बाई तिला नंतर कळली. स्टेजवर ती ‘हे एका जुन्या वेल्श चेटकिणीबद्दल आहे’ अशी ओळख करून द्यायची, तिथून ती चेटकीण सगळ्या साइट्सवर पसरली. गाणं मस्तच आहे, प्रश्न नाही. पण मूळ गोष्टीत तिला चेटकीण कुणी म्हणत नाही, खोटा आळ घेणाऱ्या त्या सहा बायका सुद्धा नाही. वहिनीला ऑफिसात मुलीचं नाव सांगितलं की साठीतले लोक गाणं गुणगुणायला लागतात. ती आता सवयीने हसते.

ऱ्हिआन, ऱ्हिआना, रिहाना, सगळं एकच का?

ऱ्हिआन हे वेगळं नाव, त्या ‘तरुण मुलगी’वाल्या शब्दावरून. मूळ एकच, म्हणून लोक ऱ्हिआनॉनचा शॉर्टफॉर्म म्हणूनही वापरतात. ऱ्हिआना हे अलीकडचं, ऱ्हिआनॉनला इंग्रजी वळण दिलेलं. रिहानाचा मात्र काही संबंध नाही, ते नाव अरबी ‘रैहान’शी जोडतात, म्हणजे सुगंधी झाड, आपल्या सब्जाच्या जातीचं.

नाव चुकीचं लिहिल्याने काही त्रास?

होतो. एका विमान कंपनीने तिकिटावर एक एन खाल्ला आणि दादा दीड तास फोनवर स्पेलिंग सांगत होता, समोरचा प्रत्येक वेळी नव्या जागी नवा एन घालायचा. तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा, एवढंच सांगेन. वेल्समध्ये मात्र कधी अडलं नाही. अंगणवाडीतल्या बाईंनी पहिल्या दिवशी न विचारता बरोबर लिहिलं.

घरी काय हाक मारतात?

वहिनी ऱ्हिआन म्हणते. दादा रिऊ म्हणतो. आईला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, राणीच ना? मग मी राणी म्हणते. आता तिला ऱ्हिआनॉन म्हणून हाक मारली तर कधी वळते कधी नाही, राणी म्हटलं की पळत येते, आणि वहिनीच्या आईने पण ‘रानी’ उचललंय.

गोष्टीतली जागा बघता येते का?

आर्बेर्थ म्हणजे आजचं नारबर्थ, पेम्ब्रोकशरमधलं छोटं गाव. वेल्शमध्ये ‘आर्बेर्थमध्ये’ म्हणताना आधी ‘अन्’ लागतो, त्यातला न इंग्रजांनी नावाला चिकटवला असं सांगतात. रंगीत घरांची एक चढाची गल्ली, खाली किल्ल्याच्या पडक्या भिंती. पुइलचा वाडा वगैरे काही नाही, तो किल्ला बराच नंतरचा. अर्ध्या दिवसात होतं.

आम्ही गेल्या उन्हाळ्यात गेलो, आई पण होती. वहिनीने गाडीत भाचीला गोष्ट सांगितलेली, पिल्लांचा भाग गाळून. किल्ल्यापाशी एक पडका दगड दिसला, पाच वर्षांची ही बया त्यावर जाऊन बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वेल्शमध्ये विचारायला लागली, पाठीवर घेऊन जाऊ का? कुत्रा फिरवणारे एक आजोबा नको म्हणाले, एक बाई हसून नको म्हणाली. मग ती आईकडे वळली आणि मराठीत म्हणाली, आजी, चल, बस. आई गुडघे धरून उभी होती, म्हणाली, नको गं राणी, मी चालते.